परक्या घराचा कारभार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दुबईला मी नेमकं काय करते, हे माझ्या आईला बरीच वर्षं नीट सांगता आलं नव्हतं. सेक्रेटरी म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर फोर्टमधलं ऑफिस यायचं, आणि ऑफिस म्हटलं की रविवारची सुट्टी. एका घरात काम करते असं म्हटलं असतं, तर तिला रडूच आलं असतं. शेवटी एकदा मी म्हटलं, "आई, जुन्या वाड्यांत दिवाणजी असायचे ना, ती मी." तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. मग डोंबिवलीतल्या शेजारणींना ती कौतुकाने सांगू लागली, आमची मुलगी दुबईला दिवाणजी आहे!

तिने केलेलं वर्णन अगदीच चुकीचं नव्हतं. आपल्याकडे संस्थानांच्या काळात 'खासगी' नावाचं खातं असे. होळकरांच्या राज्यात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. अहिल्यादेवींनी देशभर जे घाट आणि मंदिरं बांधली त्यांचा खर्च खासगीतून झाला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. आखातातल्या श्रीमंत घरांत आजही साधारण हीच विभागणी आहे. धंद्याचं ऑफिस शहरात आणि घराचं ऑफिस घरात. धंद्याच्या ऑफिसात मॅनेजर, हिशेबनीस, वकील असे शंभर लोक असतात. घराच्या ऑफिसात एक टेबल, एक फॅक्स (पुढे कॉम्प्युटर आला), एक तिजोरी आणि एक माणूस. तो माणूस म्हणजे पर्सनल असिस्टंट.

मी १९९७ साली दुबईला गेले ती देरा भागातल्या एका व्यापारी कंपनीत टायपिस्ट म्हणून. शॉर्टहँड शंभर आणि टायपिंग चाळीस, एवढंच भांडवल. नवरा जेबेल अलीच्या एका गोदामात हिशेब लिहायचा. दोन वर्षांनी मालकांच्या पत्नीला घरी इंग्रजी पत्रव्यवहारासाठी कुणी तरी बाई हवी होती. पुरुष चालणार नव्हता, कारण घरातल्या बायकांच्या भागात त्याला जाता येत नाही. मला विचारलं, पगार जवळपास दीडपट सांगितला, आणि मी हो म्हटलं.

इथे मी पहिली चूक केली. ती सविस्तर सांगते, कारण आज तिकडे जाणाऱ्या मुलीही तीच चूक करतात. कंपनीच्या व्हिसावरून मला घराच्या व्हिसावर घेतलं गेलं. मला वाटलं, मालक तेच, घर तेच, फरक काय पडतो? फरक फार मोठा होता. अमिरातीचा १९८० सालचा कामगार कायदा घरकाम करणाऱ्यांना लागूच नव्हता. स्वयंपाकी, ड्रायव्हर, मोलकरीण, माळी हे सगळे कायद्याच्या लेखी कामगार नव्हतेच. कामाचे तास, सुट्टी, नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, हे सगळं मालकाच्या मर्जीवर. नवा व्हिसा पासपोर्टात चिकटून आला तेव्हा त्यावर माझा हुद्दा होता 'हाऊसकीपर'. मी ते पान नवऱ्याला दाखवलं नाही. त्याने ते सहा महिन्यांनी स्वतःच पाहिलं आणि तोही काही बोलला नाही.

आता काम काय, ते सांगते. लोकांना वाटतं डायरी सांभाळायची आणि फोन घ्यायचे. डायरी होती, पण एक नव्हे. इंग्रजी कॅलेंडरवर बँका आणि विमानं चालायची, हिजरी कॅलेंडरवर घर चालायचं, आणि मुलांच्या शाळेचं तिसरंच. हिजरी महिना चंद्र दिसण्यावर. ईद उद्या की परवा, हे आदल्या संध्याकाळपर्यंत कुणाला ठाऊक नसायचं. पण ईदला परदेशी जाणाऱ्या कुटुंबाची तिकिटं तर महिनाभर आधी काढायला हवीत! मग दोन्ही दिवसांची काढायची आणि चंद्र दिसला की एक रद्द करायची. माझ्या करामाच्या घरी स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेलं होतं, ते चौथं. त्यातली संकष्टी मात्र मला नेहमी दुसऱ्या दिवशी आठवायची.

घरात कुटुंबातली नऊ माणसं आणि नोकर सतरा. स्वयंपाकी मलबारचा, ड्रायव्हर पेशावरकडचे, माळी बांगलादेशी, मुली फिलिपिन्स, श्रीलंका, इंडोनेशिया आणि इथिओपियाच्या. या सगळ्यांची मिळून एक भाषा तयार झालेली असते; तिच्यात अरबी क्रियापद, हिंदी शिवी आणि इंग्रजी आकडे असतात. आखातातल्या घरांत नोकरमंडळी मालकिणीला 'मामा' म्हणतात आणि मालकाला 'बाबा'. मराठी कानाला मामा म्हणजे आईचा भाऊ. भरजरी अबाया घातलेल्या त्या बाईंना मामा म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. मी मॅडम म्हणत राहिले. मुलं मला 'मिस' म्हणत. त्या घरात मी कोण होते हे त्या दोन शब्दांवरूनच ठरलं. नोकरांतली नाही आणि घरातलीही नाही.

ही मधली जागा फार निसरडी असते. आपल्याकडे 'चहापेक्षा किटली गरम' म्हणतात, तो धोका पहिल्या वर्षापासून असतो. मालकीणबाई शांतपणे सांगतात, 'गाडी पाच वाजता हवी.' आपण ड्रायव्हरला दरडावून सांगतो, 'पावणेपाचला दारात उभा राहा.' त्यांचा अधिकार आपल्या अंगात केव्हा येऊन बसतो ते कळतही नाही. दुसरा धोका उलट बाजूचा, म्हणजे आपण घरातलेच आहोत असं वाटू लागणं. मॅडम तुमच्यापुढे रडतात, धाकटा मुलगा शाळेतला निकाल आधी तुम्हाला दाखवतो, थोरल्या आजी तुम्हाला जवळ बसवून कॉफी देतात. त्या बिनकानाच्या लहानशा कपातून वेलदोड्याची कडवट कॉफी येते, आणि पुरे झाली की कप किंचित हलवून परत द्यायचा असतो. नाही हलवला तर वाढणारी बाई ओततच राहते. हे मला आजींनीच शिकवलं. त्यांनीच हेही शिकवलं की बैठकीत ऊदाचा धूर फिरला की पाहुण्यांनी उठायचं. 'ऊद फिरल्यावर बसणं नाही,' अशी तिकडे म्हणच आहे. मला वाटतं, ही नोकरी टिकवायची तर असा ऊदाचा वास रोज आपला आपल्याला यावा लागतो.

पैशाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अशा नोकऱ्या बहुतेक पैशापायीच जातात. घरखर्चाची रोख रक्कम माझ्याकडे असायची, कधी कधी माझ्या वर्षभराच्या पगाराइतकी. मी पहिल्या दिवसापासून दर दिरहॅमची पावती वहीत चिकटवली. मॅडमनी वीस वर्षांत ती वही दोनदा पाहिली असेल. खरी परीक्षा रोख पैशाची नसतेच, कमिशनची असते. पडदेवाला, सोनार, ट्रॅव्हल एजंट, सगळ्यांना माहीत असतं की वस्तू मालकीण निवडते पण दुकान 'मिस' निवडते. एका फर्निचरवाल्याने दिवाळीच्या नावाखाली पाच हजार दिरहॅमचं पाकीट दिलं. मी ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, हे बिलातून कमी करून घेऊ. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आधीची होती, तिला कुणी कधी काही दिलंच नाही वाटतं!"

उन्हाळा आला की दुबईचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि ज्यांना परवडतं ती घरंच्या घरं उठून युरोपला जातात. आमचं घर जुलै-ऑगस्ट लंडनमध्ये काढायचं, नाइट्सब्रिजजवळच्या एका इमारतीत. चाळीसेक बॅगा, दोन आया, एक स्वयंपाकी आणि मी. मी लंडन पाहिलं ते औषधांच्या दुकानांच्या, शिंप्यांच्या आणि दातांच्या डॉक्टरांच्या दारांतून. या प्रवासातली एक गोष्ट मला कायम गमतीची वाटत आली. २०१५ पासून अमिरातीच्या नागरिकांना युरोपातल्या शेंगेन देशांत व्हिसा लागत नाही. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या आम्हाला मात्र लागतो. बोटांचे ठसे, बँकेची पत्रं, रांगा, सगळं. ब्रिटनमध्ये घरनोकर म्हणून नेायचं तर त्या माणसाने मालकाकडे किमान वर्षभर काम केलेलं असावं लागतं, आणि व्हिसा सहा महिन्यांचाच मिळतो. त्यामुळे कुटुंबाची तयारी दोन दिवसांत व्हायची आणि नोकरांची मे महिन्यापासून चालायची. आणखी एक घड्याळ डोक्यात चालू ठेवावं लागायचं. अमिरातीत राहण्याचा परवाना असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिला, तर एरवी तो परवानाच बाद होतो. कुणी गावी जाऊन आजारी पडलं की मी दिवस मोजायला बसायची.

२००३ च्या जुलैत माझ्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी लंडनमध्ये होते. सुट्टी नाकारली गेली असं मी अनेकांना सांगितलं, पण खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती. मोसमाच्या मध्यावर सुट्टी मागायची नसते, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं.

आता तिजोरीबद्दल.

माझ्या टेबलामागच्या भिंतीत एक तिजोरी होती. किल्ली माझ्या खणात. तिजोरीत सतरा नोकरांचे पासपोर्ट होते, देशवार रबरबँड लावलेले. अठरावा माझा. आम्ही दर रात्री करामाला घरी जायचो, पासपोर्ट तिथेच राहायचा, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नव्हतं. सगळ्या घरांत तसंच होतं. त्यामागचं गणित सोपं असतं. सौदीत तेव्हा देश सोडायला मालकाच्या परवानगीचा कागद लागायचा. अमिरातीत तो लागत नसे, म्हणून तर पासपोर्टालाच एवढी किंमत. माणूस आणायला मालकाने एजंटाची फी, व्हिसा, तिकीट असा खर्च केलेला असतो. तो निघून गेला तर पैसे बुडतात. म्हणून पासपोर्ट कुलपात. खरं तर २००२ मध्येच तिथल्या गृहमंत्रालयाने परिपत्रक काढून मालकांना असे पासपोर्ट ठेवून घ्यायला मनाई केली होती. त्याची झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये होती. मीच लावली होती.

त्याच तिजोरीत वरच्या कप्प्यात ससाण्यांचेही पासपोर्ट होते. थट्टा करत नाही. शिकारी ससाण्यांचा चोरटा व्यापार थांबावा म्हणून अमिरातीने २००२ पासून ससाण्यांना पासपोर्ट द्यायला सुरुवात केली. पक्ष्याच्या पायातल्या कड्याचा नंबर त्यात लिहिलेला असतो, मुदत तीन वर्षांची. मालकांचे पाच ससाणे होते. शिकारीच्या मोसमात त्यांचा सांभाळ करणारा माणूस यायचा आणि मी कुणालाही न विचारता ते पासपोर्ट काढून त्याच्या हातात द्यायची.

२००५ साली रमजान ४ ऑक्टोबरला सुरू झाला. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडची श्रीलंकेची एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आई आजारी आहे, घरी जायचंय, पासपोर्ट हवाय. रमजान म्हणजे घरातला सगळ्यात कामाचा महिना. दिवस-रात्रीची अदलाबदल होते, रोज इफ्तारला पंचवीस-तीस पानं, पहाटे सहरी. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "ईद होऊ दे, मग पाठवू." त्या क्रूर बाई नव्हत्या. त्याच दिवशी त्यांनी मुलीच्या आईच्या उपचारासाठी तीन हजार दिरहॅम पाठवायला सांगितले, आणि ते मीच पाठवले. पैसे गेले म्हणजे प्रश्न सुटला असं त्यांना वाटलं. मला तसं वाटलं नव्हतं, पण मी तसं दाखवलं. ती मुलगी त्यानंतर आणखी दोनदा आली. दुसऱ्या वेळी मी तिला म्हटलं, "मॅडमचा मूड बघून विचारते." मी विचारलं नाही.

सतराव्या रोज्याच्या दुपारी तिच्या भावाचा फोन आला. आई गेली होती. मॅडमनी त्याच रात्रीचं तिकीट काढायला सांगितलं, वर आणखी पैसे दिले, आणि खरोखर डोळे पुसले. मी खण उघडला, किल्ली काढली, तिजोरी उघडली, श्रीलंकेचा गठ्ठा सोडला आणि पासपोर्ट तिच्या हातात दिला. त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बावीस दिवस ते काम माझ्याच्याने झालं नव्हतं. सवयीने मी रजिस्टर पुढे सरकवलं आणि तिने 'पासपोर्ट मिळाला' या ओळीपुढे सही केली. ती मला काहीच बोलली नाही. परतही आली नाही.

आमच्या घरात कोणतं चांगलं काम व्हायचं असेल तर ते कसं करावं लागतं, हे तोवर मला कळलेलं होतं. हे बरोबर नाही, असं म्हणून काही होत नाही. पुढच्या वर्षी मी ते परिपत्रक घेऊन थेट मालकांकडे गेले. म्हटलं, "सर, कुणी तक्रार केली तर नाव तुमचं येईल, माझं नाही." त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "हे किती दिवस तुझ्याकडे आहे?" मी खरं ते सांगितलं. आठवड्याभरात नोकरांच्या खोल्यांत लहान लोखंडी कपाटं बसली, प्रत्येकाची किल्ली ज्याची त्याच्याकडे. गंमत म्हणजे चौघांनी पासपोर्ट परत माझ्याकडेच आणून दिले. एका खोलीत सहा जण, चोरीची भीती वाटते, म्हणाले. त्यांचे मी बंद पाकिटात, वर त्यांची सही घेऊन ठेवले. रात्री दोन वाजता मागितला तरी मिळेल या अटीवर. म्हणजे तिजोरी राहिली, पण कुणाचा शब्द चालणार हे बदललं. माझा पासपोर्ट मी त्या दिवशी पर्समध्ये घालून घरी नेला आणि साड्यांच्या कपाटात ठेवला. नवऱ्याने विचारलं, "काय झालं? काढून टाकलं का?"

कायदा बदलायला आणखी अकरा वर्षं लागली. २०१७ मध्ये अमिरातीने घरकामगारांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र कायदा केला, आणि डिसेंबर २०२२ पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दिवसात किमान बारा तास विश्रांती आणि त्यातली आठ तास सलग, वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा, दर दोन वर्षांनी मायदेशी जाण्या-येण्याचं तिकीट, आणि स्वतःची कागदपत्रं स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क. यातलं किती पाळलं जातं ते घराघरावर आहे. बंद दाराआड तपासनीस सहजी जाऊ शकत नाही. पण पूर्वी टेबलाशी उभ्या राहिलेल्या मुलीला दाखवायला कागदच नव्हता, आता तो आहे. मी २०१९ साली परत आले. निघताना मॅडमनी मला सोन्याची बांगडी दिली आणि रजिस्टरं मात्र मी जाळून टाकावीत असं सुचवलं. मी ती धंद्याच्या ऑफिसात नेऊन दिली.

अलीकडे मला फोन येतात. पगाराचे आकडे ऐकून मुलींचे आवाज चढलेले असतात आणि त्यांना विचारायचं असतं ते कपड्यांबद्दल, अरबी यायला हवी का याबद्दल. अरबी येते हळूहळू. मी आधी विचारते की व्हिसा कुणाच्या नावावर आहे, कंपनीच्या की माणसाच्या. त्यावर हुद्दा काय लिहिलाय. राहायचं घरातच आहे का. करार तुला वाचता येणाऱ्या भाषेत आहे का. व्हिजिट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून दे म्हणते, कारण व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे आणि पकडलं जातं ते काम करणाऱ्याला.

गेल्या महिन्यात बदलापूरच्या एका मुलीने तिचं ऑफर लेटर मला पाठवलं. सुबक छापलेलं, पगार भरपूर, शब्द सगळे गोड. व्हिसा कुणाच्या नावाने निघणार ती ओळ तेवढी कोरी होती. मी तिला म्हटलं, एवढं एकच विचारून घे. तिने विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.